दगडावरचा वड

१

आमच्या घरात सकाळ पाण्याच्या आवाजाने होते. आधी न्हाणीतलं, मग देवापुढच्या तांब्यातलं, आणि दिवा लावून माझं मौन सुटलं की झारीचं. दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, हा माझा जुना नेम. झारी मात्र माझी नव्हे, यांची. यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून ती माझ्या हाती आली.

झोपायच्या खोलीला लागून काचेने बंद केलेली गॅलरी आहे. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी बाक, आणि बाकावर यांची बोन्साय. उथळ कुंड्यांमधली वीतभर, हातभर झाडं. पण बघत राहिलं की वाटावं, झाड मोठंच आहे, आपणच लांब कुठेतरी उभे आहोत. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी हे आधी त्यांची विचारपूस करायचे, मग माझी. मी म्हणायचे, "बायकांना एखादी सवत असते, मला अख्खी रांग आहे."

पलंगावरून गॅलरी दिसत नाही, नुसती ऐकू येते. त्यामुळे मी झारी खाली ठेवली की आतून हाक यायची.

"सरकार, पाणी घातलं का?"

सरकार म्हणजे मी. लग्न झाल्यापासून हेच.

"घातलं हो."

"डाळिंबाला?"

"त्यालाही."

"वडाला दगडावरून सोडलंस ना? थेट मुळांवर धार पडली की रुसतो तो."

"आणि मी रुसले तर?"

"तुला कात्री लावता येत नाही, म्हणून तर तुला भिऊन असतो."

अर्ध्या अंगात हालचाल नव्हती, पण माणूस सगळा शाबूत होता. जीभ तर जास्तच.

तो वड यांचा सगळ्यात जुना. आमच्या लग्नाच्या वर्षी कुठल्याशा भिंतीच्या फटीतून उपटून आणलेलं रोप यांनी एका काळ्या दगडावर बसवलं. आता त्याची मुळं दगडाला बोटांसारखी धरून आहेत. मध्यंतरी खोड जाड व्हावं म्हणून हे ती कुंडी मागच्या अंगणात मातीवर ठेवायचे. एकदा उचलायला गेले तर कुंडीच्या भोकातून मुळं जमिनीत गेलेली. ओढताना चर्रर्र असा आवाज झाला, जुनं कापड फाटावं तसा. हे म्हणाले होते, "बघ, पाय रोवलेन. झाड लहान ठेवायचं म्हणजे काय, त्याला रोज थोडं थोडं नाही म्हणायचं. प्रेमानं म्हणायचं. रागानं म्हटलं की मरतं."

नवस मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर बोलले. डॉक्टर आत होते, मी डोळे मिटून म्हटलं, हे पुन्हा पायांवर चालू देत, या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट मी दाराबाहेर देईन. हे घरी आले, मग देण्याची वेळ आली. सगळ्यात लाडकं काय? माझा हात आपोआप आईच्या चांदीच्या दिव्याकडे गेला. तिच्या आईकडून तिला, तिच्याकडून मला आलेला. तो मी उचललासुद्धा. तेवढ्यात गॅलरीतल्या काचेवर ऊन आलं आणि सगळा बाक उजळला.

मी मनाशी म्हटलं, या घरात याहून लाडकं काय असणार? शिवाय माझ्याच्याने दोन्हीकडची शुश्रूषा होईना. झाडं वाळून जाण्यापेक्षा जाणत्याच्या घरी जातील.

दिवा मी परत जागेवर ठेवला.

२

यांच्या मोबाइलवर बोन्साय करणाऱ्यांचा एक गट आहे, "छोटी झाडं, मोठी माणसं" नावाचा. तिथे मी डाळिंबाचा फोटो टाकला. फुकट देऊ नका असं तिथल्याच एकाने मला सांगितलं. फुकटचं झाड लोक फुकटासारखंच वागवतात. म्हणून विकायचं ठरलं. यांना विचारलं नाही. बरं वाटलं की सांगू, असं म्हणत राहिले.

आमच्या नणंदबाई, यांची थोरली बहीण, त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नवस कुणाचा गं?"

"माझा, वन्सं."

"आणि झाडं?"

मी भाजी निवडत राहिले.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुला बरं जमतं," त्या म्हणाल्या. नंतर स्वतःच हसल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे. तो उठला तर मीच पेढे वाटीन."

डाळिंब घ्यायला आले ते बाजारातले चष्मेवाले. गृहस्थ गोल, हसरे, बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघतात; चष्मा कुठे टेकेल याचा अंदाज घेण्याची सवय. बाकापुढे चक्क उकिडवे बसले.

"आधी मुळं बघायची, मग खोड, पानं शेवटी," ते म्हणाले. "लोक उलटं करतात आणि फसतात. लग्नातसुद्धा."

"हळू बोला हो. आत झोपलेत."

"तोंड कुठलं याचं?"

प्रत्येक झाडाला एक तोंड असतं, म्हणजे बघायची बाजू. हे त्या बाजूला कुंडीत एक पांढरा खडा ठेवतात. मी खडा दाखवला. चष्मेवाल्यांनी ओल्या वर्तमानपत्रात कुंडी गुंडाळली आणि मी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर काढलं. आपल्याच घरातून चोरपावलांनी. मग बाकावरच्या बाकीच्या कुंड्या सरकवून रिकामी जागा बुजवली. का, कुणास ठाऊक. यांना ती दिसणारही नव्हती.

दुपारचा चहा मी यांना चमच्याने पाजायचे. त्या दिवशी चमचा तोंडाशी नेला, तर यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवरून उठली आणि चमच्याच्या दांड्याला लागली. धरला त्यांनी. थरथरत, सांडत, पण धरला. मी रडले, हसले, देवापुढे डोकं टेकून आले.

चहा पिऊन झाल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. कप धुताना लक्षात आलं. पहिल्या घोटाआधी हे टाळ्याला जीभ लावून टॉक असा आवाज करायचे, टांग्याच्या घोड्याला करतात तसा. आजारातही सुटली नव्हती ती सवय. आज आवाज झाला नाही. आनंदात विसरले असतील, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी:

"सरकार, पाणी घातलं का?"

"घातलं हो."

"डाळिंबाला?"

नुकताच दिवा लावून मी मौन सोडलं होतं. दिवसातलं माझं पहिलं बोलणं.

"घातलं," मी म्हटलं.

३

चष्मेवाल्यांचा फोन आला तो तक्रारीचा नव्हता, कौतुकाचाच होता. झाडाला नवी पालवी आली होती.

"एक विचारू ताई? याला काही किडा वगैरे होता का, खोडात?"

"नाही हो. का?"

"डोळे तपासायची आमची आतली खोली आहे ना, तिथे ठेवलंय. अगदी शांत असतं. मी चहा प्यायला घेतला की बरोब्बर त्या वेळी एक आवाज येतो. टॉक. असा." त्यांनी करून दाखवला. "लाकूड तडकत असेल, नाही का? हवा बदलली की."

"तसंच असेल," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर माझा हात किती तरी वेळ कानाशीच होता.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मेंदूला मार बसला की माणसाच्या बारीकसारीक सवयी बदलतात, मनावर घेऊ नका. मी घेतलं नाही. लिंबू गेलं त्या आठवड्यात हे उशीला टेकून बसले. बोगनवेल गेली, हे पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, मी असं पहिल्यांदा बघतेय." मी देवाकडे बघून हात जोडले. आणि त्याच दुपारी भिंतीवर पाल आली. पाल म्हणजे यांचा जन्माचा वैरी; धडधाकट असताना खुर्चीवर चढून मला हाका मारायचे. ती यांच्या डोक्याच्या वर टीचभर अंतरावरून गेली. यांनी तिच्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहावं तसं.

भीती गेली तर वाईट काय, मी मनाला विचारलं.

चिंच घेऊन गेले ते चालककाका. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. "इतकी वर्षं माणसं माझ्या पाठीमागे बसली," म्हणाले, "आता कुणीतरी समोर बसू दे." त्यांनी चिंचेची कुंडी लेकरासारखी मांडीवर घेतली आणि रिक्षा सावकाश चालवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झारी खाली ठेवली. आतून हाक आली नाही. आत जाऊन पाहते तर हे उभे. पलंगाचा खांब धरून, पण उभे. सकाळचं ऊन गॅलरीतून आत येत होतं आणि यांनी तोंड त्या उन्हाकडे केलं होतं.

"अहो!" मी ओरडलेच.

हे वळले. चेहरा शांत होता, तजेलदार. माझ्याकडे बघून सभ्यपणे हसले, दुकानात हसतात तसं.

"बाई," हे म्हणाले, "पाणी द्या."

४

वन्सं खरंच पेढे घेऊन आल्या. यांना खोलीत चालताना बघून त्यांच्या डोळ्यांना धार लागली. उजवा पाय तेवढा घासत होता, पण चालत होते.

"ए बंड्या," त्या म्हणाल्या, "आठवतं का, तू आंबा चोरलास आणि मी मार खाल्ला?"

ही त्यांची पेटंट गोष्ट. यावर यांचं उत्तर ठरलेलं, "मार तू खाल्लास, पण कोय मला मिळाली." मग दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलंय.

"हो का," हे म्हणाले. "लागलं होतं का तुम्हाला?"

वन्संनी पेढ्याची पुडी सोडली आणि एक पेढा यांच्यापुढे धरला.

पेढा खाऊन हे गॅलरीत गेले आणि बाकाच्या रिकाम्या टोकाशी जाऊन उभे राहिले. उन्हात. हात बाजूला थोडेसे उचललेले. आम्ही दोघी स्वयंपाकघरातून बघत होतो. चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, हे तिथेच. फक्त ऊन सरकलं तसे तेही किंचित सरकलेले.

"काय करतो गं तो तिथे?"

"ऊन घेतात. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"हं." वन्संनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "बरा झाला गं भाऊ माझा," त्या म्हणाल्या. "बरा झाला, पण..."

वाक्य अर्धंच ठेवून त्या पायऱ्या उतरल्या. खाली गेल्यावर वर बघून एवढंच म्हणाल्या, "आता आणखी काही देऊ नकोस कुणाला."

५

चिंच बघून येते असं सांगून मी चालककाकांकडे गेले. विकलेलं झाड बघायला जाणं या हौशी लोकांत रीतच आहे; माहेरच्यांना सून दाखवावी तसं ते दाखवतात.

छोटंसं घर, टीव्ही मोठ्याने लावलेला. काका म्हणाले, "हिला ऐकू येत नाही म्हणून मोठा ठेवतो. तरी येत नाही. पण घरात आवाज असला की बरं." काकू हडकुळ्या, गोऱ्या, तोंडभर हसणाऱ्या. चिंच त्यांच्या खुर्चीजवळच्या फडताळावर होती. पांढरा खडा असलेली बाजू खुर्चीकडे.

काकूंनी माझा हात धरून मला जवळ बसवलं. "यंत्र दिलंय मला कानात घालायला," त्या मोठ्याने म्हणाल्या. "घातलं की नुसता कलकलाट. काढलं की सगळं गप्प. पण हे झाड आल्यापासून ना, एक आवाज येतो. यंत्र काढल्यावरच येतो."

"कसला येतो?" मी ओठ हलवून विचारलं.

काकू चक्क लाजल्या. "मला सरकार म्हणतो. आमच्या यांनी जन्मात 'अगं ए' शिवाय हाक मारली नाही. आणि हा म्हणतो, सरकार."

मागून काकांनी मला खूण केली, वय झालंय, मनावर घेऊ नका. आणि ते चहा टाकायला आत गेले.

टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं. मी चिंचेपुढे वाकले. नेहमीचीच ती, बारीक पानांची, मी कितीदा पाणी घातलेली. मग मी दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबून घेतले. भांडण विझलं. स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू येऊ लागली. आणि त्या सळसळीच्या मागून, सकाळी उठल्या उठल्या असायचा तसा किंचित खरखरीत आवाज आला.

"सरकार."

थोडं थांबून पुन्हा, जरा लांबवून, मी ऐकत नसले की म्हणायचे तसं.

"सरकाऽर."

मी कान सोडले. "काकू," मी म्हटलं, "हे झाड मी परत नेऊ का? तुम्हाला दुसरं विकत आणून देते, कुठलंही देते..."

काकूंना ऐकू आलं नाही. त्यांनी माझे डोळे भरलेले पाहिले आणि त्यांना वेगळंच वाटलं. माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन कपाळाला लावले. "तुझे फार उपकार झाले, पोरी," त्या म्हणाल्या. "घरात कुणीतरी आल्यासारखं झालंय गं."

मी चहा घेतला. साखर जास्त होती, तीही गोड मानून घेतली. परत मागणं त्या दिवशी जमलं नाही आणि नंतरही जमलं नाही. माझं माणूस मी एका बहिऱ्या बाईच्या खुर्चीजवळ ठेवून आले आणि तिला ते परत मागायचं तोंडही मला उरलं नव्हतं.

६

बाकीची झाडं चिंचेच्या आधीच एकेक करून गेली होती; बाकावर आता एकटा वड होता. तो मी आत आणला आणि देवाच्या कोनाड्यात, दिव्याशेजारी ठेवला. गटावर लिहून टाकलं, वड द्यायचा नाही.

त्याच दिवशी आईचा चांदीचा दिवा मी व्यायामाच्या बाईंना दिला. त्यांच्या नव्या घरासाठी म्हणून. त्या नको नको म्हणत होत्या, मी त्यांच्या पिशवीत घातला आणि मनात म्हटलं, देवा, आधी हाच द्यायचा होता. आता घे, आणि माझं मला परत दे. मग दिवसभर वाट बघितली. यांनी पाणी मागितलं, बाई म्हणूनच. कोनाड्यात मी मातीची पणती लावू लागले. देवाला फसवता येत नाही एवढं मला ठाऊक होतं. त्याच्याशी उशिरा खरं वागलेलंही चालत नाही, हे मात्र नवीन होतं.

वडात यांचं काय उरलंय, ते मला एका दुपारी कळलं. हे पलंगावर झोपले होते. आताशा हे सरळ उताणे झोपतात, श्वासाचाही आवाज नाही, चादर तेवढी हलते. पूर्वी यांच्या घोरण्याने माझी दुपार नासायची. वन्सं म्हणायच्या, याला भाड्याने दिला तर गिरणी चालेल. मी कोनाड्यापाशी वाती वळत बसले होते. आणि घोरणं ऐकू आलं.

आधी बारीक, मग घर्र करून चढणारं, वर जाऊन क्षणभर अडकणारं. तो अडकण्याचा क्षणसुद्धा तोच. मी पलंगाकडे पाहिलं. ओठ मिटलेले. मग कोनाड्याकडे पाहिलं. वडाची खालची पानं त्या घोरण्याबरोबर हलत होती. खिडकी बंद होती.

घोरणं एकदम थांबलं, जाग येते तेव्हा थांबतं तसं. आणि झोपेतल्या जड जिभेने कुणीतरी विचारलं, "पाणी घातलं का?"

मी घाबरले नाही. खरं सांगते, मी वाती तशाच टाकल्या आणि कोनाड्याच्या कडेला डोकं टेकून हसले. कितीतरी दिवसांनी.

"घातलं हो," मी म्हटलं.

पलंगावर यांनी डोळे उघडले होते. हे माझ्याकडे बघत नव्हते. वडाकडे बघत होते.

त्यानंतर व्यायामाच्या बाई रोज म्हणू लागल्या, "बाकी सगळं आलंय हो, काकू. हा उजवा पाय तेवढा सुटत नाहीये. टाच कुठेतरी चिकटल्यासारखी होतेय. का, तेच मला कळत नाही."

मला कळत होतं. नवस पुरा व्हायला एकच झाड राहिलं होतं.

एकदा हे गॅलरीत, त्या रिकाम्या टोकाशी बराच वेळ उभे होते. जेवायला बोलवायला गेले. म्हटलं, फरशी गार आहे, मोजा तरी घाला. यांनी आज्ञाधारकपणे उजवा पाय उचलला. चर्रर्र. जुनं कापड फाटावं तसा आवाज. तो आवाज मी या आयुष्यात एकदाच ऐकला होता, मागच्या अंगणात.

मी खाली वाकले होते, मोजा हातात होता. तळपायाखाली काहीतरी पांढरं होतं. बारीक, ओलसर, टोकांना कोवळं पिवळं. आणि काही फरशीच्या सांध्यांमध्ये राहून गेलेलं. मी पाहिलं असं म्हणणार नाही. अंधारी आली असेल, उन्हातून एकदम वाकल्यावर येते. मोजा वर ओढला आणि म्हटलं, "चला, पानं वाढलीत."

७

मग एका सकाळी मी दिवा लावायच्या आतच घंटा वाजली. माझं मौन होतं. दार उघडलं तर चष्मेवाले, हातात ओलं वर्तमानपत्र, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ताई, मला तर खरंच वाटेना! पहिल्या दिवसापासून माझा या वडावर डोळा होता. तुम्ही 'द्यायचा नाही' असं लिहिलंत तेव्हा वाईट वाटलं. पण काल यजमानांचाच फोन आला."

मी मागे वळले. हे कोनाड्यातून वड काढून घेऊन येत होते. दोन्ही हातांत, छातीशी. ज्या हातांची बोटं हलावीत म्हणून मी उपास केले होते, त्याच हातांत. उजवा पाय घासत येत होता. वडाची पानं यांच्या हनुवटीला लागत होती, आणि त्या पानांतून, या सकाळच्या वेळी, हलकं घोरणं येत होतं. चष्मेवाल्यांना ते ऐकू येत नसावं. ते मुळं बघत होते.

मी दारात आडवी झाले.

"बाई," हे म्हणाले. राग नव्हता आवाजात. रागाचं झाड कधीच कुणीतरी नेलं होतं. "दार सोडा. मला चालायचंय."

यात चूक काय होती? मीच तर तेवढंच मागितलं होतं. बाकड्यावर डोळे मिटून मी जे मागितलं, ते माझ्यापुढे उभं राहून सरळ सांगत होतं की अर्धं दिलंस, आता उरलेलं दे. कोण का असेना तो; त्याचा पाय मी अडवून धरला होता.

वडाचं घोरणं थांबलं.

आता विचारतील, मला वाटलं. आता परक्या माणसादेखत विचारतील, आणि मग चष्मेवाल्यांच्या त्या आतल्या शांत खोलीत जाऊन रोज विचारत राहतील, आणि उत्तर द्यायला तिथे मी नसेन.

मी मौन मोडलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, दिवा लागण्याआधी.

"नाही," मी म्हटलं. "झाड द्यायचं नाही." यांच्या हातातून वड काढून घेतला. यांनी सहज सोडला. ओढावं लागलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चष्मेवाले ओशाळले. वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले, "काही हरकत नाही, ताई. जीव असतो झाडात, मी समजू शकतो." भले गृहस्थ. पायऱ्या उतरेपर्यंत माझीच माफी मागत होते.

आता रोज सकाळी, मी दिवा लावला की हे बाहेरच्या दाराशी येऊन उभे राहतात. शर्टाची सगळी बटणं लावलेली, केस विंचरलेले.

"बाई, आता जाऊ?"

"आज नको," मी म्हणते. प्रेमानं म्हणते. "उद्या बघू."

"बरं," हे म्हणतात, आणि पाय घासत गॅलरीत जाऊन आपल्या जागी उभे राहतात. रोज थोडा वेळ जास्त. आताशा मोजा घालायला मी वाकत नाही. आठवड्यातून एकदा खांद्याला धरून यांना पाव वळसा वळवते, म्हणजे ऊन सगळीकडून सारखं लागेल. वन्संना सांगितलंय, इतक्यात येऊ नका, हे विश्रांती घेताहेत. देवाचं मी अजून सगळं करते. त्याच्याकडे डोळे वर करून बघत नाही, एवढंच. पण आशा सोडलेली नाही. वड चिवट असतो. भिंतीच्या फटीतून उपटून आणला तरी जगतो, दगडावर बसवला तरी धरतो. कधीतरी दोघं एकमेकांना ओळखतील.

दुपारी घर शांत होतं. मी वाती वळत बसते. कोनाड्यातलं घोरणं चढतं, वर जाऊन अडकतं, थांबतं.

"पाणी घातलं का?"

मी झारीकडे बघते, मग गॅलरीत यांच्या पायांशी अजून ओल्या असलेल्या फरशीकडे.

"घातलं हो," मी म्हणते. "दोघांनाही घातलं."